फुलांचे टॅटू: अर्थ, रंग आणि जागा यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी टॅटू काढते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त लोकांना फूलच हवं असतं. मोबाइलमध्ये चित्र तयार असतं आणि खुर्चीत बसायच्या आधी पहिला प्रश्न येतो, "ताई, याचा अर्थ काय होतो?" त्या प्रश्नाचं आणि त्याच्यामागून येणाऱ्या बाकीच्या प्रश्नांचं उत्तर रोज तोंडी देते, तेच इथे सविस्तर लिहून ठेवलं आहे.

फुलाचा खरा अर्थ कोणता, हे कसं ठरवायचं?

आधी ते फूल कुठे वाढलं आणि कोणी कशासाठी वापरलं, ते पाहायचं. शेवंतीचंच घ्या. आपल्याकडे मार्गशीर्षातल्या गुरुवारी घटाला शेवंतीची वेणी, लग्नात शेवंतीच्या माळा. जपानमध्ये १६ पाकळ्यांची शेवंती ही सम्राटाच्या घराण्याची मुद्रा आहे. आणि फ्रान्स, बेल्जियम, इटलीत हेच फूल १ नोव्हेंबरच्या सुमारास कबरींवर ठेवतात, तिथे ते कुणाच्या घरी भेट म्हणून नेत नाहीत. बेल्जियममध्ये नोकरी करणारी एक मुलगी सुट्टीत माझ्याकडून दंडावर पांढरी शेवंती काढून घेऊन गेली. तिच्या आईच्या वेणीतलं फूल ते. तिकडे गेल्यावर ऑफिसातल्या बाईंनी हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?" मुलीने आईच्या वेणीची गोष्ट सांगितली आणि दोघी बराच वेळ बोलत बसल्या. ती म्हणाली, अर्थ आधी माहीत असता तरी मी हेच फूल काढलं असतं. मला ते फार पटलं. परक्या देशातला अर्थ माहीत असावा, पण निवड आपल्या घरच्या अर्थावर करावी.

झेंडूचंही असंच. दसऱ्याच्या तोरणातलं हे फूल मूळचं मेक्सिकोकडचं. तिथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांच्या दिवसांत घरापासून कबरीपर्यंत झेंडूच्या पाकळ्या पसरतात, गेलेल्या माणसांना वासावरून घरची वाट सापडावी म्हणून. म्हणजे एकाच फुलात सण आहे आणि पितरही आहेत. वडील दसऱ्याच्या दिवशी गेलेला एक मुलगा माझ्याकडे आला होता. त्याला ही मेक्सिकोची गोष्ट सांगितली तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग झेंडूच."

कमळाचा अर्थ चिखलातून वर येणं एवढाच आहे का?

तो आहेच, आणि तो नुसता कवींचा नाही, कमळाच्या अंगातच आहे. कमळाच्या पानावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणाचा थर असतो. त्यामुळे पाण्याचा थेंब पसरत नाही, गोळा होऊन घरंगळतो आणि जाता जाता धूळ घेऊन जातो. बी तर त्याहून चिवट. चीनमधल्या एका वाळलेल्या तळ्याच्या मातीत सापडलेलं सुमारे १३०० वर्षांपूर्वीचं कमळाचं बी शास्त्रज्ञांनी रुजवून दाखवलं. खूप वर्षं दबून राहून पुन्हा उभं राहिलेल्या माणसाला मी फुलापेक्षा कमळाचं बियांचं बोंड सुचवते, शॉवरच्या झारीसारखं छिद्रांचं, आत बिया दिसणारं. चित्र म्हणून ते अतिशय देखणं दिसतं आणि फार कमी लोक काढून घेतात.

बौद्ध घरातली मुलं बोधिवृक्षाचं पान आणि कमळ एकत्र मागतात. त्यांना मी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणि बघून यायला सांगते. पाचव्या शतकातलं ते चित्र. बोधिसत्त्वाने फूल मुठीत धरलेलं नाही, दोन बोटांत देठ अलगद पेललेला आहे आणि मान किंचित झुकलेली. करुणा म्हणजे काय ते त्या बोटांत दिसतं. फक्त तो हात आणि फूल एवढाच टॅटू आतल्या हातावर फार सुंदर बसतो.

एक चूक मात्र सगळीकडे दिसते. कमळ म्हणून कुमुदिनी काढली जाते. कमळाचं पान पाण्याच्या वर छत्रीसारखं उभं राहतं, गोल असतं आणि त्याला चीर नसते. पाण्यावर सपाट तरंगणारं, एका बाजूने चीर असलेलं पान कुमुदिनीचं. फुलाच्या मध्यभागी पिवळट गड्डा असेल तर ते कमळ. कुमुदिनीही सुरेख असते, चंद्रावर फुलणारी म्हणून तिची स्वतःची परंपरा आहे. पण मनात कमळ असेल तर हातावर कमळच यायला हवं, म्हणून स्टेन्सिल, म्हणजे त्वचेवर उमटवायचा आराखडा, लावायच्या आधी पान नीट बघून घ्या.

कमळ काढलं तर पक्षाचं चिन्ह वाटेल का?

हा प्रश्न महाराष्ट्रात हमखास येतो. निवडणूक चिन्हातलं कमळ समोरून पाहिलेलं, पूर्ण उमललेलं, दोन्ही बाजूंना सारखं आणि ठसठशीत बाह्यरेषेचं आहे. तुम्हाला तो संबंध नको असेल तर फूल बाजूने काढा, अर्धवट उमललेलं, देठ वाकलेला, सोबत एक पान किंवा कळी, रंग गुलाबी. बघणाऱ्याच्या मनात मग तळंच येतं.

गुलाब फार सामान्य झालाय का?

गुलाब सगळे काढतात, हे खरं. पण टॅटूच्या जगात गुलाबाला जो इतिहास आहे तो दुसऱ्या फुलाला नाही. अमेरिकेतल्या बंदरांवर खलाशी दंडावर गुलाब काढून घेत, घरी वाट बघणाऱ्या आईची किंवा प्रेयसीची आठवण म्हणून. होनोलुलूमध्ये काम करणारे नॉर्मन कॉलिन्स, ज्यांना सगळे सेलर जेरी म्हणत, त्यांच्यासारख्यांनी जाड काळी रेषा, भरपूर सावली आणि मोजके रंग ही पद्धत पक्की केली. ती आजही टिकते, कारण जाड रेषा पन्नास वर्षांनीही वाचता येते. गुलाबात खंजीर खुपसलेला असेल तर दगा किंवा जखमी प्रेम. रोमन लोकांत "गुलाबाखाली" बोललेली गोष्ट म्हणजे गुपित. इंग्लंडमध्ये लाल गुलाब लँकेस्टर राजघराण्याचा आणि पांढरा यॉर्क राजघराण्याचा. १४८६ साली राजा सातव्या हेन्रीने यॉर्कच्या एलिझाबेथशी लग्न केलं आणि दोन्ही गुलाब एकात एक बसवून ट्यूडर घराण्याचा गुलाब झाला.

आपल्याकडचा गुलाब मात्र खंजिराचा नाही. तो लग्नाच्या मांडवातल्या गुलाबदाणीचा आहे, दर्ग्यावरच्या चादरीचा आहे, गुलकंदाचा आहे. दुकानात मिळणारा लांब दांड्याचा घट्ट गुलाब सोडून अंगणातला सैल, भरपूर पाकळ्यांचा गावठी गुलाब काढून बघा.

जपानी पद्धतीच्या टॅटूतली फुलं कोणती आणि त्यांचा अर्थ काय?

जपानी टॅटूत फूल म्हणजे कोपरा भरायची नक्षी नसते. कुठला प्राणी, कुठला वीर, कुठला ऋतू, याला धरून फूल येतं. १८२७ पासून उतागावा कुनियोशी या चित्रकाराने एका चिनी कथेतल्या १०८ वीरांची लाकडी ठशांची चित्रं काढायला घेतली. त्यातल्या अनेकांच्या पाठी टॅटूंनी भरलेल्या होत्या. ती चित्रं इतकी गाजली की एदोतले, म्हणजे आजच्या टोकियोतले, आग विझवणारे लोक आणि मजूर तशाच पाठी गोंदवून घेऊ लागले. पुढे १८७२ साली सरकारने टॅटूवर बंदी घातली, ती उठली १९४८ मध्ये.

सगळ्यांना माहीत असलेलं साकुरा, म्हणजे चेरीचं फूल, आठवडाभर फुलतं आणि ऐन बहरात गळतं. म्हणून ते क्षणभंगुर आयुष्याचं आणि योद्ध्याच्या मरणाचं फूल. बोतान, म्हणजे पिओनी, फुलांचा राजा मानतात. ऐश्वर्य आणि धाडस असा त्याचा अर्थ, आणि तो सिंहाबरोबर येतो. सिंहाच्या आयाळीत एक किडा असतो, त्याच्यावर उतारा फक्त पिओनीवरचं दव, म्हणून सिंह त्या झुडपाखालीच निश्चिंत झोपतो, अशी तिकडची कथा आहे. सर्वांत बलवान प्राण्यालाही एका फुलाचा आसरा लागतो, ही कल्पना मला फार आवडते. कॅमेलियाचं फूल पाकळी-पाकळी न गळता अख्खंच्या अख्खं खाली पडतं. त्यामुळे त्याला शिरच्छेदाची आठवण चिकटली आहे. आजारी माणसाला भेटायला जाताना ते फूल नेत नाहीत.

"फुलं तर मुली काढतात ना?" असं विचारणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हेच सांगते. एदोतल्या त्या आगीशी झुंजणाऱ्या माणसांच्या पाठीवर फुलं होती.

मला चाफा हवा आहे. कसा काढाल?

माझा पहिला उलट प्रश्न असतो, कुठला चाफा? आपण किती सहज एकच शब्द वापरतो! सोनचाफा म्हणजे केशरी-पिवळा, लांबट पाकळ्यांचा, ओंजळीत घेतला की बोटांना दिवसभर वास. देवळाच्या पाराजवळचा पांढरा, मध्ये पिवळा, जाड पाच पाकळ्यांचा तो देवचाफा किंवा खुरचाफा. हिरवा चाफा पानांत लपून बसतो, पिकल्या फळासारख्या वासावरून शोधावा लागतो. कवठी चाफा रात्री उमलतो. नागचाफ्याला चार पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये पिवळ्या केसरांचा पुंजका. यांतली बरीचशी झाडं एकमेकांची सख्खी नातलगही नाहीत.

एकदा एक मुलगी इंटरनेटवरचं देवचाफ्याचं चित्र घेऊन आली. "आजीचा चाफा," म्हणाली. मी विचारलं, आजी तो केसांत माळायची की देवाला वाहायची? ती म्हणाली, "ब्लाउजमध्ये रुमालात बांधून ठेवायची, कपाटाला वास यायचा." मग मी तिला सोनचाफ्याचा फोटो दाखवला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चुकीचं फूल कायमचं कोरलं गेलं असतं. अशा वेळी घरी फोन करून विचारलेलं कधीही बरं.

अर्थ म्हणाल तर सोनचाफा म्हणजे वास, आठवण, बाईचं माहेर. देवचाफा मूळचा मध्य अमेरिकेकडचा, पण आपल्याकडे तो देवळात, दर्ग्यात आणि दफनभूमीतही इतका रुजला आहे की त्याच्याकडे पाहून शांतच वाटतं. पानं गळून गेलेल्या बोडक्या फांद्यांच्या टोकाला फुलं, असं त्याचं चित्र काढलं तर तो फार बोलका होतो.

पारिजातक, मोगरा अशी पांढरी फुलं आपल्या रंगाच्या त्वचेवर दिसतात का?

दिसतात, पण पांढऱ्या शाईने नाही. हे नीट समजून घ्या, कारण यात लोकांचे पैसे आणि त्वचा दोन्ही वाया जातात.

शाई त्वचेच्या वरच्या थरावर बसत नाही, तिच्या खालच्या थरात बसते. वरचा थर त्या शाईवर काचेसारखा असतो आणि आपल्याकडे ती काच गव्हाळ, सावळी किंवा काळी असते. तिच्याखालून पांढरा रंग पांढरा दिसत नाही, वर्षभरात पिवळट होतो आणि जुन्या व्रणासारखा वाटू लागतो. परदेशी चित्रांत दिसणारा फिका गुलाबी, फिका पिवळा, जांभळट करडा यांचं तेच होतं. लाल, गडद निळा, हिरवा, दाट केशरी आणि काळा हे आपल्या त्वचेवर उत्तम बसतात.

मग पारिजातक कसा काढायचा? पाकळ्या काढायच्याच नाहीत. भोवतीची सावली काढायची. मी आधी फुलामागे बारीक ठिपक्यांनी काळोख भरते, कारण हे फूल संध्याकाळनंतर उमलतं आणि पहाटे गळतं, त्याची वेळच अंधाराची. त्या अंधारात तुमची स्वतःची त्वचा पाकळीच्या आकारात मोकळी राहते आणि तीच उजळ दिसते. पाकळ्या पाच ते आठ असतात, बहुधा सहा, भिंगरीसारख्या एका दिशेला किंचित वळलेल्या आणि टोकाला खाच असलेल्या. ही खाच आणि हे वळण सुटलं तर तो कुठल्याही फुलासारखा दिसतो. शेवटी देठाची केशरी नळी. तिथे मात्र दाट केशरी भरायचा. याच देठांपासून पूर्वी कापड रंगवत. मशीन थांबवून पहिल्यांदा तो केशरी ठिपका पुसला की फूल एकदम जागं होतं. इतकी वर्षं झाली, तरी त्या क्षणी मला आनंद होतो.

पारिजातकाचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको. झाड सत्यभामेच्या दारात आणि सडा रुक्मिणीच्या अंगणात. आपण जपलेलं दुसऱ्याच्या ओटीत पडणं, हे ज्याने अनुभवलंय त्याला हे फूल कळतं. मुलगी परदेशी गेलेल्या एका काकूंनी तो मनगटावर काढून घेतला, दोन फुलं गळताना आणि एक अजून फांदीवर.

मोगऱ्यासाठी मात्र गजरा टाळा. बारीक बारीक गुंडाळलेल्या कळ्या दहा वर्षांत एकमेकींत मिसळतात. एक उमललेलं फूल आणि दोन टपोऱ्या कळ्या पुरेत.

जन्ममहिन्याचं फूल काढायचं आहे. यादी कुठली वापरू?

सध्या जी यादी फिरते ती इंग्रजी महिन्यांची आहे. जानेवारीला कार्नेशन, एप्रिलला डेझी, मेला लिली ऑफ द व्हॅली, जूनला गुलाब, सप्टेंबरला अ‍ॅस्टर. तिकडच्या हवेत त्या महिन्यांत फुलणारी ती फुलं. आवडलं तर जरूर काढा. पण मे महिन्यात नागपुरात जन्मलेल्या माणसाने लिली ऑफ द व्हॅली कधी पाहिलेलीच नसते. त्याच्या जन्माच्या वेळी दारात बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडलेला होता आणि ताम्हण जांभळं झालं होतं. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यफूल, साधारण महाराष्ट्र दिनाच्या सुमारास ते रंगात असतं. त्याच्या पाकळ्या चुरगळलेल्या रेशमासारख्या असतात आणि जांभळा रंग आपल्या त्वचेवर छान धरतो.

मी लोकांना मराठी महिना विचारते. चैत्रातल्याला कडुनिंबाचा मोहोर, पाडव्याच्या कडू घासाचा. भाद्रपदातल्याला तेरडा, गौरीचं फूल. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, तोच रंग अंगावर कायमचा करून घ्यायची कल्पना एका मुलीला इतकी आवडली की तिने त्याच दिवशी वेळ घेतली. आश्विनाला झेंडू, मार्गशीर्षाला शेवंती. पौषात शेतात करडई फुललेली असते, केशरी आणि काटेरी, आणि शेतकऱ्याच्या मुलांना ती दाखवली की ती लगेच ओळखतात. फाल्गुनाला पळस. पानं झडलेल्या फांदीवर चोचीसारखी वळलेली लाल-केशरी फुलं, मागे काळी मखमली कळी. चित्र म्हणून पळसाइतकं टॅटूला साजेसं फूल क्वचितच असेल.

कारवी काढता का? सात वर्षांचं काहीतरी ऐकलंय.

काढते, आणि आनंदाने. सह्याद्रीच्या उतारांवरची कारवी सात वर्षं नुसती वाढते, मग एका पावसाळ्याअखेर सगळी एकदम फुलते, डोंगर निळा-जांभळा होतो, आणि बी टाकून ती मरते. एका मुलाने सात वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या. यादीत नाव आलं नाही. त्याने दुसरं काम सुरू केलं, ते जमलं, आणि मग तो कारवी काढून घ्यायला आला. "ती सात वर्षं पण माझीच होती ना," म्हणाला. मी त्याच्याकडून कळ्या जास्त आणि उमललेली फुलं कमी अशी फांदी मंजूर करून घेतली.

आजारातून उठल्यावर कोणतं फूल काढावं?

अर्थाच्या दृष्टीने मला सदाफुलीइतकं योग्य दुसरं दिसत नाही. डबड्यात, गटाराच्या कडेला, कुठेही येणारं हे मूळचं मादागास्करचं झाड. त्याच्यापासून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कर्करोगावरची औषधं मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिन्क्रिस्टिन आजही वापरतात. लहानपणी त्यातून वाचलेली एक मुलगी नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून सदाफुली काढून घ्यायला आली, आई सोबत होती. पाच पाकळ्या, मध्ये गडद डोळा, वीस मिनिटांचं काम. आईने तिचा दुसरा हात धरून ठेवला होता, सुई टोचताना पूर्वी धरायची तसाच.

काही गोष्टी इथे सक्तीच्या आहेत. उपचार चालू असताना टॅटू नाही. नंतरही तुमच्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर व्रणावर फुलांची वेल काढून घेणाऱ्या स्त्रिया आहेत आणि तो फार हिमतीचा, सुंदर टॅटू असतो, पण व्रण पूर्ण भरून फिका व्हायला हवा, त्याला किमान एक वर्ष द्या. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हातावर टॅटू टाळा, हाताला सूज येण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका असतो.

गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी?

ब्रिटन आणि कॅनडात लाल पॉपी ही युद्धात गेलेल्यांची खूण आहे. पहिल्या महायुद्धात उखणलेल्या रणभूमीवर हीच फुलं सगळ्यांत आधी उगवली. १९१५ साली जॉन मॅक्रे या कॅनडाच्या लष्करी डॉक्टरच्या कवितेत ती आली आणि १९२१ पासून ब्रिटनमध्ये दर नोव्हेंबरात लोक ती छातीवर लावू लागले. लहान निळी फर्गेट-मी-नॉट तर नावातच सगळं सांगते.

पण माझा आग्रह असा, की त्या माणसाच्या हाताने लावलेलं झाड आठवा. ती जास्वंद असेल, कर्दळ असेल, अबोली असेल. शक्य असेल तर त्याच झाडाचं एक फूल घेऊन या. मी ते टेबलावर ठेवून चित्र काढते. एका काकांनी बायकोची अबोली ओल्या फडक्यात गुंडाळून कोकणातून आणली होती. दोन पाकळ्या दुमडल्या होत्या. तशाच काढल्या.

देवाला वाहायची फुलं कमरेखाली चालतात का?

माझा असा काही नियम नाही, तुमच्या घरी असू शकतो. कमळ, तुळशीची मंजिरी, बेल, जास्वंद पायावर काढली की आजी-आजोबांना खुपतं, हे मी अनेकदा पाहिलंय. पुढे आयुष्यभर घरात पाय झाकून वावरायचं नसेल तर ही फुलं खांदा, दंड किंवा पाठीवर घ्या. घोट्यासाठी रानफुलं आहेत, गवताची पाती आहेत. धोतऱ्याचं फूल शंकराला प्रिय, केवडा मात्र त्याच्या पूजेत वर्ज्य, लिंगाचं टोक पाहिल्याची खोटी साक्ष दिली म्हणून. शिवभक्ताने त्रिशुळाभोवती केवडा मागितला तर मी ही कथा आधी सांगते.

एखादं फूल टाळावं असं आहे का?

फूल नाही, पण एक आकृती विचार करून घ्या. तीन पाकळ्यांची फ्लर-द-ली, फ्रेंच राजांची लिली. ती देखणी आहे आणि पुष्कळ ठिकाणी राजेशाही खूण म्हणूनच वापरतात. पण १६८५ च्या फ्रेंच कायद्यानुसार पळून गेलेल्या गुलामाच्या खांद्यावर हीच आकृती तापल्या लोखंडाने डागत. हे माहीत असून ती हवी असेल तर जागा तरी खांदा नको.

किती मोठा काढावा? कुठे जास्त दुखतं?

सुपारीएवढ्या जागेत गुलाब बसत नाही. शाई त्वचेत वर्षानुवर्षं थोडी पसरतेच. शरीरातल्या पेशी ती गिळून धरतात, त्या मेल्या की नव्या पेशी ती उचलतात, आणि त्या देवाणघेवाणीत रेषेची कड मऊ होते. म्हणून पाकळीच्या दोन रेषांत दोन-तीन मिलिमीटर अंतर हवं. बोटं आणि तळहात टाळा, तिथली त्वचा सतत झिजते. बरगड्या, घोटा, कोपराचा आतला भाग जास्त दुखतो, दंडाची बाहेरची बाजू कमी.

सैन्य भरतीची तयारी करतोय. फूल काढू का?

थांबा. भारतीय सैन्यात टॅटू हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. इतर दलांचे नियम वेगळे असतात, तेव्हा ज्या भरतीला उतरणार तिची जाहिरात आधी वाचा. भरती होईपर्यंत वाट बघायला सांगून मी अनेक मुलांना परत पाठवलंय आणि त्यातले काही वर्दीत परत आले.

आरोग्याच्या दृष्टीने काय बघायचं?

सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून फोडलेली हवी आणि शाई छोट्या टोपणात तुमच्यापुरती ओतलेली. जत्रेत एकाच सुईने आणि एकाच वाटीतल्या शाईने दहा जणांना गोंदतात, तिथे बसू नका. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही असेच पसरतात. लाल शाईची अ‍ॅलर्जी इतर रंगांपेक्षा जास्त दिसते, तेव्हा त्वचा लगेच लाल होत असेल तर जास्वंदीच्या आधी एक लहान ठिपका करून महिनाभर बघू. मधुमेह असेल, जखमांचे व्रण फुगत असतील किंवा गरोदर असाल तर आधी सांगा. टॅटूनंतर आपल्याकडच्या नियमांनुसार १२ महिने रक्तदान करता येत नाही. नियमित रक्तदाते असाल तर रक्तदान करून मग या. खपली धरेल, ती काढू नका. दोन ते चार आठवडे पोहणं आणि कडक ऊन टाळा.

आजीच्या हातावरचं गोंदण माझ्या हातावर तसंच उतरवता येईल का?

हो, आणि हे काम मी सगळ्यांत जास्त मनापासून करते. आपल्या आज्यांच्या हातावर तुळस असते, कमळ असतं, कपाळावर आणि हनुवटीवर ठिपके असतात. दोन-चार सुया एकत्र बांधून, काजळी पानाच्या रसात कालवून गोंदणारणीने ते टोचलेलं असतं. मेल्यावर अंगावरचं सोनं काढून घेतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं त्या म्हणत.

शक्य असेल तर आजींना घेऊनच या. पारदर्शक कागद हातावर ठेवून मी रेषा उतरवते. पन्नास-साठ वर्षांत काळी रेषा हिरवट आणि रुंद झालेली असते, सुरकुत्यांत वाकलेली असते. ती गोंदली त्या दिवशीसारखी सरळ करायची की आज दिसते तशी ठेवायची, हे तुम्ही दोघींनी ठरवायचं. गेल्या पावसाळ्यात एक नात आणि आजी अशाच आल्या होत्या. मी तुळस उतरवली, कुंडी काढली, मंजिऱ्या काढल्या, स्टेन्सिल नातीच्या हातावर लावलं. आजींनी चष्मा वर केला, दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवायला लावले, आणि कुंडीच्या खाली बोट ठेवून म्हणाल्या, "इथं तीन ठिपके ऱ्हायले, पोरी." सुरकुतीत ते मला दिसलेच नव्हते. स्टेन्सिल पुसून पुन्हा लावलं, ठिपक्यांसकट.